डिटेक्टर जोडला की नॉइज का वाढतो: गॅस डिटेक्टरच्या रीडआउटमधला हट्टी दोष शोधण्याचा क्रम

गॅस डिटेक्टर म्हणजे वायूतून जाणारा कण ओळखणारं उपकरण, आणि रीडआउट म्हणजे त्याचे सिग्नल वाचणारा अँप्लिफायर चिपचा बोर्ड. टेबलावर हा बोर्ड शांत असतो. टेस्ट पल्स दिला की सुरेख आकार येतो आणि नॉइज डेटाशीटमध्ये लिहिल्याइतकाच असतो. तोच बोर्ड डिटेक्टरवर चढवला की नॉइज तिप्पट-चौपट होतो, थ्रेशोल्ड (ज्याच्या वरचाच पल्स मोजला जातो ती मर्यादा) वर न्यावा लागतो आणि त्यात खरे सिग्नलच कापले जातात. मग कुणीतरी म्हणतं, चिप गेली. चिप बदलली जाते, थोडे दिवस बरे जातात, डिटेक्टर पुन्हा उघडून बंद केला की दोष परत हजर.

हा दोष मी वेगवेगळ्या डिटेक्टरांवर पुन्हा पुन्हा काढला आहे. त्यात चिप दोषी निघाल्याचे प्रसंग फार थोडे. बहुतेक वेळा गडबड असते करंटच्या परतीच्या वाटेत. स्ट्रिपवरून (डिटेक्टरमधली सिग्नल गोळा करणारी धातूची पट्टी) अ‍ॅम्प्लिफायरमध्ये शिरलेला करंट तिथेच संपत नाही. तो ग्राउंडमधून, डीकपलिंग कपॅसिटरमधून, समोरच्या इलेक्ट्रोडवर परत पोचतो, तेव्हा सर्किट पूर्ण होतं. जाण्याची वाट आपण डिझाइन करताना मन लावून आखतो, एकेका मिलिमीटरचा विचार करतो. परतीची वाट मात्र ‘ग्राउंड आहेच की’ म्हणून सोडून देतो. १९६८ मध्ये जॉर्ज शारपाक यांनी सर्नमध्ये मल्टिवायर चेंबर केला तेव्हा प्रत्येक तारेला स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर लागू झाला आणि हा प्रश्न तेव्हापासूनचाच आहे. आज तारांच्या जागी जेमच्या (बारीक छिद्रांच्या फॉइलचा डिटेक्टर) स्ट्रिप किंवा मायक्रोमेगासचे (बारीक जाळीचा डिटेक्टर) पॅड असतात, एका चिपमध्ये ६४ नाहीतर १२८ चॅनेल बसतात, पण करंटला परतायला वाट लागते हे बदललेलं नाही.

आधी लक्षणं नीट बघा

‘नॉइज जास्त आहे’ एवढ्यावर काहीच शोधता येत नाही. यातलं तुमच्याकडे नेमकं काय दिसतं ते ठरवा:

- सगळे चॅनेल एकाच वेळी वर जातात, एकाच वेळी खाली येतात.
- थ्रेशोल्ड हळूहळू खाली आणताना एका ठिकाणी हिटचा (थ्रेशोल्ड ओलांडणाऱ्या पल्सचा) दर एकदम आभाळाला भिडतो. थ्रेशोल्ड परत थोडा वर नेला तरी उतरत नाही, बराच वर नेल्यावरच शांत होतो.
- फक्त कडेच्या स्ट्रिप किंवा कनेक्टरच्या एका टोकाचे चॅनेल बडबडतात.
- हाय व्होल्टेज बंद असताना सगळं ठीक, चालू केलं की झुंडीने पल्स.
- आजूबाजूला पंप, लिफ्ट किंवा वेल्डिंग मशीन चालू झालं की नॉइज.
- एखादा चॅनेल शेजाऱ्यांपेक्षा खूपच *शांत* आहे. हेही लक्षणच आहे आणि पुष्कळदा नजरेतून सुटतं.
- डिटेक्टर उघडून पुन्हा बांधला की त्रास सुरू, स्क्रू आवळले की काही काळ कमी.

दर वाढला की बेसलाइन बुडते, असं असेल तर तो वेगळा आजार आहे. एसी कपलिंग आणि आयनांची लांब शेपटी यांचा तो परिणाम असतो. त्याचा उपाय शेपरमध्ये (पल्सला आकार देणाऱ्या सर्किटमध्ये) शोधायचा असतो, ग्राउंडमध्ये नाही. त्या वाटेला इथे जात नाही.

किती नॉइज असायला हवा, ते कागदावर काढा

हे काम फुकट आहे, त्यामुळे पहिलं. अपेक्षित आकडा माहीत नसेल तर ‘जास्त’ म्हणजे किती हे कळणार कसं?

अ‍ॅम्प्लिफायरचा नॉइज इनपुटला लागलेल्या कपॅसिटन्सबरोबर वाढतो. तो इनपुटला किती इलेक्ट्रॉन आल्यासारखा दिसतो, त्यात मोजतात. उदाहरणार्थ एपीव्ही२५ या चिपचा नॉइज पीक मोडमध्ये साधारण २५० इलेक्ट्रॉन, अधिक दर पिकोफॅरडमागे ३६ इलेक्ट्रॉन असा धरतात. स्ट्रिप, बोर्डावरचा ट्रेस आणि कनेक्टर मिळून ३० पिकोफॅरड झाले तर १,३०० च्या आसपास इलेक्ट्रॉन व्हायला हवेत. म्हणजे टेबलावर ३०० दिसणारा बोर्ड डिटेक्टरवर १,३०० दाखवतो तेव्हा काहीही बिघडलेलं नसतं. तो तेवढाच असायला हवा. मधे एक मीटर साधी कोअ‍ॅक्स केबल टाकली असेल तर तिचेच १०० पिकोफॅरड झाले. तिथे नॉइज वाढला म्हणून बाहेरचा चोर शोधत बसू नका, केबल काढून बोर्ड डिटेक्टरच्या जवळ न्या.

आता दुसऱ्या बाजूचा आकडा. १ फेम्टोकूलॉम म्हणजे सुमारे ६,२४० इलेक्ट्रॉन. स्ट्रिपजवळच्या एखाद्या पत्र्याशी स्ट्रिपचा कपॅसिटन्स फक्त १ पिकोफॅरड आहे आणि तो पत्रा अ‍ॅम्प्लिफायरच्या ग्राउंडच्या तुलनेत १ मिलिव्होल्टने हलला, तर इनपुटमध्ये १ फेम्टोकूलॉम शिरला. वरच्या १,३०० इलेक्ट्रॉनच्या जवळजवळ पाचपट! एक मिलिव्होल्ट. परतीच्या वाटेवर मी एवढा का अडून बसतो त्याचं कारण हा आकडा आहे.

खरा सिग्नल किती हेही याच कागदावर लिहा. लोह-५५ या किरणोत्सारी स्रोताचा ५.९ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा एक्स-रे आर्गॉनमध्ये सुमारे २२५ इलेक्ट्रॉन सोडवतो. गेन (गॅसमध्ये एका इलेक्ट्रॉनचे किती होतात तो गुणक) १०,००० असेल तर साडेबावीस लाख, म्हणजे ३६० फेम्टोकूलॉम. त्यामुळे लोह-५५ चं शिखर छान दिसतं आहे, एस्केप पीकही (त्याच्या खालच्या बाजूचं छोटं शिखर) वेगळं दिसतं आहे, म्हणून रीडआउट निरोगी आहे असं समजू नका. पार जाणारा वेगवान कण ३ मिलिमीटर आर्गॉनमध्ये सरासरी २८ च्या आसपासच इलेक्ट्रॉन सोडतो, ते काही स्ट्रिपांवर वाटले जातात, आणि सरासरीच्या खालचे प्रसंग भरपूर असतात. नॉइजचा फटका बसतो तो तिथे.

हात लावण्याआधी

हाय व्होल्टेज शून्यावर आणा, सप्लायवर शून्य दिसल्यावरही थांबा. फिल्टरमधला १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर ३ किलोव्होल्टला ४५ मिलिज्यूल धरून ठेवतो आणि डिस्चार्जला वाट नसेल तर तो बराच वेळ भरलेला राहतो. चिप मरायला त्याच्या अगदी थोडा भाग पुरतो, आणि हाताला बसणारा झटकाही साधा नसतो. गॅसमध्ये आयसोब्युटेनसारखा ज्वलनशील घटक असेल तर गॅसची जबाबदारी ज्यांच्याकडे आहे त्यांना विचारल्याशिवाय काहीही उघडू नका. स्रोत बाजूला, त्याच्या डब्यात.

आणि मेन्सच्या प्लगमधली अर्थिंगची तार नॉइजसाठी कधीही, कुणाच्याही सांगण्यावरून काढायची नाही. ती जीव वाचवण्यासाठी आहे. ती काढून नॉइज कमी होताना मीही पाहिला आहे. त्यातून एवढंच सिद्ध होतं की ग्राउंड लूप (ग्राउंडच्या जोडांतून झालेलं बंद वेटोळं) आहे. तो दुसऱ्या रीतीने तोडता येतो.

तपासणी १: चॅनेलवार नॉइजचा नकाशा

हाय व्होल्टेज बंद ठेवून पेडेस्टल रन (सिग्नल नसतानाचं मोजमाप) घ्या आणि प्रत्येक चॅनेलचा सिग्मा (चढउताराची रुंदी) चॅनेल क्रमांकासमोर मांडा. थ्रेशोल्डवर चालणारी चिप असेल तर टेस्ट पल्स देऊन एस-कर्व्ह (थ्रेशोल्ड बदलताना किती पल्स मोजले जातात त्याचा आलेख) काढा आणि त्याच्या रुंदीवरून तोच आकडा मिळवा. या एका आलेखातून अर्धं निदान होतं.

एखाद्या चॅनेलचा नॉइज नुसत्या बोर्डाइतकाच कमी असेल, तर त्या चॅनेलला स्ट्रिप जोडलेलीच नाही. कपॅसिटन्स गायब, म्हणून नॉइज गायब. कनेक्टरची पिन वाकलेली असेल, बाँड (चिपला जोडणारी बारीक तार) तुटला असेल किंवा सोल्डर उखडला असेल. नॉइज अगदी शून्याजवळ असेल तर अ‍ॅम्प्लिफायर मेला आहे किंवा सॅच्युरेट झाला आहे. इनपुटचा संरक्षक डायोड शॉर्ट झाल्यावर असं बऱ्याचदा दिसतं. शेजारचे दोन चॅनेल मिळून जास्त बोलत असतील आणि एकाला टेस्ट पल्स दिला की दुसऱ्यातही तो जवळजवळ तेवढाच दिसत असेल, तर दोन स्ट्रिप एकमेकींना चिकटल्या आहेत. नॉइज चॅनेल क्रमांकाबरोबर हळूहळू चढत जात असेल तर बोर्डावरच्या ट्रेसची लांबी बघा. बहुधा ती तशीच चढत जाते आणि त्यात दोष काहीच नाही.

आता सगळे चॅनेल एकत्र हलतात का ते पाहा. दर इव्हेंटला १२८ चॅनेलांची सरासरी काढा. चॅनेल आपापले स्वतंत्र असतील तर ही सरासरी एका चॅनेलच्या सिग्माच्या अकराव्या हिश्श्याइतकीच हलेल, कारण १२८ चं वर्गमूळ ११.३. ती निम्म्याइतकी हलत असेल तर नॉइज बाहेरून येतो आहे आणि सगळ्यांवर सारखा पडतो आहे. सॉफ्टवेअरमध्ये कॉमन मोड (सगळ्या चॅनेलांत सारखा असलेला भाग) वजा करता येतो हे खरं, पण ट्रिगर किंवा हिटचा निर्णय चिपच्या आत होत असेल तर वजाबाकीला उशीर झालेला असतो. शिवाय मोठा सिग्नल आला की त्याचाही थोडा भाग त्या सरासरीत शिरतो. वजाबाकी करा, पण कारण शोधून झाल्यावर.

तपासणी २: एकेक गोष्ट बंद करत जा

लॅपटॉपचा चार्जर काढा, बॅटरीवर चालवा. एलईडी दिवे बंद करा. पंप, पंखे, जवळची बेंच सप्लाय, मॉनिटर. एका वेळी एकच, आणि दर वेळी नकाशा पुन्हा. दोन गोष्टी एकत्र बंद केल्यात तर काहीच कळणार नाही.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. १०० नॅनोसेकंदाच्या शेपरमधून ५० हर्ट्झ जातच नाही म्हटलं तरी चालेल. त्यामुळे आउटपुटवर स्वच्छ ५० हर्ट्झची लाट दिसली तर ती बहुधा शेपरच्या पुढे, मापनाच्या केबलमध्ये किंवा एडीसीजवळ (सिग्नलचे आकडे करणाऱ्या चिपजवळ) शिरलेली असते. डिटेक्टरवर फॉइल गुंडाळून ती जाणार नाही. मेन्सशी बांधलेला नॉइज इनपुटमधून येतो तेव्हा तो उच्च वारंवारतेच्या झुबक्यांच्या रूपात येतो आणि झुबके दर १० मिलिसेकंदांनी पडतात. मेन्स ६० हर्ट्झचे असतील तर दर ८.३ मिलिसेकंदांनी. हिटच्या वेळा १० मिलिसेकंदांवर दुमडून हिस्टोग्राम काढला की ते झुबके उघडे पडतात. दिव्यांचे ड्रायव्हर आणि मोटरींचे व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारे ड्राइव्ह) हे नेहमीचे संशयित.

काचेच्या आवरणातले डायोड इनपुटला लावले असतील तर दिव्याचा प्रकाशही त्यांतून करंट वाहवतो. बोर्डावर काळं कापड टाकून बघा, मिनिटभराचं काम आहे.

तपासणी ३: हाय व्होल्टेजची पायरी-पायरी

चार अवस्थांत नकाशा घ्या: हाय व्होल्टेजची केबल डिटेक्टरवरून पूर्ण काढलेली, केबल जोडलेली पण सप्लाय बंद, सप्लाय चालू पण व्होल्टेज इतकं कमी की गेन अजिबात नाही, आणि शेवटी पूर्ण व्होल्टेज.

नुसती केबल जोडल्यावर नॉइज वाढला तर केबलचं शील्ड ग्राउंड लूप पूर्ण करतं आहे किंवा अँटेनाचं काम करतं आहे. सप्लाय चालू केल्यावर वाढला तर सप्लायच्या आतल्या स्विचिंगची रिपल (व्होल्टेजवरची बारीक लाट) आत येते आहे. या दोन्हींवर उपाय एकच आणि स्वस्त: डिटेक्टरच्या तोंडाशी आरसी (रेझिस्टर-कपॅसिटर) फिल्टर. १ मेगाओहम आणि १० नॅनोफॅरड घेतले की १६ हर्ट्झच्या वरचं सगळं दबत जातं आणि १ मायक्रोअँपिअरला फक्त १ व्होल्ट पडतो. फिल्टरचा कपॅसिटर कुठे ग्राउंड करता यावर मात्र सगळं अवलंबून आहे. तो सप्लायच्या डब्याला नव्हे, अ‍ॅम्प्लिफायरचा ग्राउंड जिथे आहे तिथे, आखूड आणि रुंद पट्टीने जोडायचा. परतीची वाट ती हीच. तिहेरी जेममध्ये शेवटच्या फॉइलच्या खालच्या बाजूला, मायक्रोमेगासमध्ये जाळीला आणि वायर चेंबरमध्ये कॅथोडला ही वाट मिळाली नाही, तर स्ट्रिपवरचा करंट परत फिरायला मिळेल ती वाट धरतो, आणि बहुतेक वेळा ती शेजारच्या सगळ्या स्ट्रिपांतून जाते. मोठा सिग्नल आला की बाकीचे सगळे चॅनेल थोडे उलट्या दिशेला जातात, ते यामुळे.

पूर्ण व्होल्टेजलाच त्रास होत असेल तर तो इलेक्ट्रॉनिक्सचा नॉइज नाही, बारीक डिस्चार्ज आहेत. गळतीच्या करंटमुळे नॉइज वाढला असेल असं पुष्कळांना वाटतं, म्हणून हिशेब देतो: १ नॅनोअँपिअर करंटमधून १०० नॅनोसेकंदांत ६२५ इलेक्ट्रॉन जातात, त्यांचा चढउतार वर्गमुळाइतका, म्हणजे २५. करंट मायक्रोअँपिअरला पोचला तरी आकडा ८०० च्या आत राहतो. नॅनोअँपिअरांच्या गळतीने नॉइज तिप्पट होणं शक्य नाही. झुंडीने येणारे, साधारण एकाच आकाराचे पल्स दिसत असतील तर सोल्डरिंगच्या फ्लक्सचे डाग, सोल्डरची टोकं, बोटांचे ठसे, दमट हवा किंवा हाय व्होल्टेजचा खराब सिरॅमिक कपॅसिटर यांकडे वळा. आयसोप्रोपिल अल्कोहोलने बोर्ड पुसून पूर्ण वाळवणं हा पहिला उपाय. आणखी एक ठिकाण सहज सुटतं: कनेक्टरजवळ आर्गॉन झिरपत असेल तर तिथली हवा बदलते आणि आर्गॉन हवेपेक्षा कमी व्होल्टेजला फुटतो. हाय व्होल्टेजचा दोष वाटतो आणि असते गॅसची गळती. हे ओळखलंत की काम गॅसवाल्यांकडे द्या.

तपासणी ४: थ्रेशोल्डला अडखळ आहे का

थ्रेशोल्ड वरून खाली आणा, मग खालून वर न्या. दोन्ही वेळचे आलेख एकावर एक बसले तर साधा नॉइज आहे. खाली जाताना एका जागी उसळी आणि वर येताना दुसऱ्याच जागी शांतता, असं असेल तर ऑसिलेशन आहे: बोर्डाचं स्वतःचं आउटपुट त्याच्याच इनपुटमध्ये परत शिरतं आहे. पहिला हिट येतो, आउटपुट हलतं, त्याचा अंश स्ट्रिपवर पडतो, पुढचा हिट तयार होतो आणि चक्र थांबत नाही.

एलव्हीडीएस (तारांच्या जोडीवरून जाणारा लहान व्होल्टेजचा डिजिटल सिग्नल) आउटपुटची उडी सुमारे ३५० मिलिव्होल्ट. आउटपुटच्या एका तारेत आणि इनपुटमध्ये ०.०१ पिकोफॅरड एवढाच कपॅसिटन्स असला तरी ३.५ फेम्टोकूलॉम आत जातो. जोडीतली दुसरी तार त्याचा बराचसा भाग रद्द करते, पण दहावा हिस्सा उरला तरी ०.३५ फेम्टोकूलॉम झाला. म्हणून आउटपुटची रिबन केबल डिटेक्टरच्या पृष्ठभागावरून नेऊ नका. ती उचलून दूर धरा आणि उसळीची जागा हलते का ते बघा. हलली तर चोर सापडला. मग केबलला शील्ड घाला आणि शील्ड बोर्डाच्या ग्राउंडला पूर्ण रुंदीने बांधा. शील्डच्या टोकाला पिळून काढलेली शेपटी जोडण्यात अर्थ नाही.

तपासणी ५: ग्राउंड. इथे घाई नको

बहुतेक दोष इथेच सापडतात, म्हणून इथे सगळ्यात जास्त वेळ द्या.

मल्टिमीटरने दोन ठिकाणांच्या मधे ०.१ ओहम दिसला की लोक निश्चिंत होतात. पण १० सेंटिमीटरच्या साध्या तारेचा इंडक्टन्स १०० नॅनोहेन्रीच्या आसपास असतो आणि २० मेगाहर्ट्झला तिचा अडथळा १२ ओहमांवर जातो. मल्टिमीटर डीसीला मोजतो, तुमचा शेपर मेगाहर्ट्झमध्ये जगतो. म्हणून गोल तार नको. रुंद तांब्याची पट्टी किंवा विणलेली वेणी घ्या, जितकी आखूड तितकी चांगली. तिची रुंदी लांबीच्या बरोबरीला आणता आली तर उत्तम. एका बोर्डाला एक पट्टी पुरत नाही, दोन्ही टोकांना द्या.

डिटेक्टर पुन्हा बांधला की दोष परत येतो, त्याचं सगळ्यात नेहमीचं कारणही इथेच आहे. अ‍ॅल्युमिनियमची चौकट अ‍ॅनोडाइझ केलेली असते आणि तो थर वीज वाहून नेत नाही. स्क्रू आवळताना आटे थर खरवडतात, थोडा संपर्क मिळतो, नॉइज उतरतो. उघडून परत बांधलं की स्क्रू दुसऱ्या जागी बसतो आणि संपर्क जातो. मल्टिमीटरची एक टोकदार पिन चौकटीवर *हलक्या* हाताने टेकवा, दुसरी बोर्डाच्या ग्राउंडवर. बझर वाजत नाही. आता तीच पिन जोराने दाबून ओरखडा काढा. बझर वाजतो. एवढं दिसलं की उत्तर मिळालं: पट्टी जिथे बसते ती जागा पॉलिश पेपरने घासून धातू उघडा करा, दातेरी वॉशर घाला आणि स्क्रूच्या नशिबावर काही सोडू नका.

तीच गोष्ट डिटेक्टरच्या खिडकीवरच्या मायलरची (प्लास्टिकची पातळ फिल्म). अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा बहुधा एकाच बाजूला असतो. मुलाम्याची बाजू चौकटीकडे नसेल तर खिडकी तरंगत राहते, आणि तरंगणारा मोठा पत्रा स्ट्रिपांच्या समोर असणं म्हणजे वरच्या एक मिलिव्होल्टच्या गणिताला आमंत्रण. तांब्याच्या चिकटपट्टीनेही फसवलेलं पाहिलं आहे, कारण सगळ्या पट्ट्यांचा गोंद वीज वाहून नेत नाही, आणि जो नेतो त्याचाही संपर्क काळाने बिघडतो. पट्टीच्या तांब्यापासून मुलाम्यापर्यंत मोजा, पट्टी चिकटलेली दिसते यावर विसंबू नका.

सगळ्या ग्राउंडना एकच मुख्य जागा हवी आणि ती अ‍ॅम्प्लिफायरच्या इनपुटजवळ हवी. डिटेक्टर ज्या स्टँडवर आहे त्याच्याशी धातूने धातू लागत असेल तर मधे इन्सुलेटर घाला आणि स्टँडची सुरक्षेची अर्थिंग वेगळी, तशीच राहू द्या. लूप तोडायचाच असेल तर लो व्होल्टेज सप्लायचं आउटपुट तरंगतं ठेवा, किंवा डेटा ऑप्टिकल फायबरवरून न्या.

तपासणी ६: लो व्होल्टेज

स्विचिंग सप्लाय काढून तात्पुरती लीनियर सप्लाय लावा. फरक पडला तर फिल्टर सुधारा. रिपल ऑसिलोस्कोपवर बघणार असाल तर आधी प्रोबचं टोक त्याच्याच ग्राउंड क्लिपला लावा. तेव्हाही स्क्रीनवर जे दिसतं ते क्लिपच्या लांब तारेने हवेतून उचललेलं असतं. क्लिप काढून टोकाजवळची आखूड स्प्रिंग वापरा. त्याशिवाय मोजलेल्या मिलिव्होल्टांना काही किंमत नाही.

तपासणी ७: बोर्डाचं काळीज

इथवर सगळं करूनही नॉइज राहिला तरच बोर्डाकडे वळा. शेपिंग टाइम बदलता येत असेल तर तो फार बोलका असतो. व्हीएमएम चिपमध्ये २५, ५०, १०० आणि २०० नॅनोसेकंद असे पर्याय आहेत. वेळ वाढवल्यावर नॉइज उतरला तर कपॅसिटन्सचा, म्हणजे सिरीज नॉइज. वेळ वाढवल्यावर चढला तर गळती किंवा लहान रेझिस्टरचा, म्हणजे पॅरलल नॉइज. एकाच सेटिंगला उसळला आणि बाकीच्यांना नाही, तर बाहेरची एखादी ठराविक वारंवारता आत येते आहे, मागच्या तपासण्यांकडे परत जा.

इनपुटला लावलेला बायस रेझिस्टर तपासा. ५० मिलिव्होल्टला रेझिस्टन्सने भागलं की तेवढ्या गळतीच्या करंटइतका नॉइज तो देतो. १ मेगाओहम म्हणजे ५० नॅनोअँपिअर, क्षम्य. कुणी १० किलोओहम लावला असेल तर ५ मायक्रोअँपिअर झाले आणि १०० नॅनोसेकंदांना तेच एकटे १,७०० हून जास्त इलेक्ट्रॉन देतील. संरक्षक डायोडचं कपॅसिटन्सही हिशेबात घ्या. पण नॉइज कमी करण्यासाठी डायोड काढून टाकू नका. १० गुणिले १० सेंटिमीटरच्या जेम फॉइलचा कपॅसिटन्स ५ नॅनोफॅरडच्या आसपास असतो, आणि ४०० व्होल्टला एका ठिणगीत ०.४ मिलिज्यूल बाहेर पडतात. डायोड आणि सिरीज रेझिस्टर नसतील तर एका ठिणगीत चॅनेल जातो.

शेवटी क्लॉक. हिटच्या वेळा क्लॉकच्या एका आवर्तनावर दुमडून बघा, ४० मेगाहर्ट्झला २५ नॅनोसेकंद. हिस्टोग्राम सपाट असेल तर ठीक. टेकडी दिसली तर डिजिटल बाजू अ‍ॅनालॉग बाजूला टोचते आहे, आणि त्यावर बाहेरून मलमपट्टी फारशी चालत नाही. ग्राउंड प्लेनला पाडलेल्या फटीवरून क्लॉकचा ट्रेस गेला आहे का ते लेआउटमध्ये शोधा. गेला असेल तर बोर्डाची पुढची आवृत्तीच हवी.

कुठे थांबायचं

हाय व्होल्टेज सप्लायचा डबा उघडायचा नाही. तो बनवणाऱ्याकडे किंवा अधिकृत दुरुस्ती करणाऱ्याकडेच जातो. इमारतीच्या अर्थिंगवर शंका असेल, दोन सॉकेटांच्या अर्थमध्ये व्होल्ट दिसत असतील, तर परवानाधारक इलेक्ट्रिशियन बोलवा, स्वतः बोर्डात हात घालू नका. जेमचं फॉइल शॉर्ट दाखवत असेल तर ते फुंकून किंवा व्होल्टेज चढवून जाळण्याचा मोह आवरा. क्लीनरूममध्ये फॉइल हाताळणाऱ्यांकडे द्या. चिपचे बाँड तुटले असतील तर बाँडिंग लॅब. बीजीए पॅकेज (खालून सोल्डरच्या गोळ्यांनी बसवलेली चिप) गरम हवेने उचलण्याचं धाडस करण्यापेक्षा त्याचं यंत्र असणाऱ्यांकडे बोर्ड पाठवा.

आणि चिपच दोषी आहे असं खरंच वाटत असेल, तर चिप डिझाइन करणाऱ्यांना लिहिण्याआधी हे हाताशी ठेवा: नुसत्या बोर्डाचा आणि डिटेक्टरसहित, असे दोन नॉइज नकाशे; हाय व्होल्टेजच्या चारही अवस्थांचे आकडे; थ्रेशोल्डचे वर-खाली जाणारे दोन्ही आलेख; स्ट्रिपचा मोजलेला कपॅसिटन्स; आणि ग्राउंडच्या जोडांचे जवळून काढलेले फोटो. त्यांचा पहिला प्रश्न त्या फोटोंबद्दलच असेल.